आमच्या फाट्यावर वेग मोजला तेव्हा

सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाला आणि आमच्या फाट्याचं रूपच पालटलं. गेवराई तालुक्यातलं आमचं गाव रस्त्याच्या एका अंगाला, शाळा आणि निम्मी शेतं दुसऱ्या अंगाला. पूर्वी दुपदरी रस्त्यावर गाड्या एकमेकींना दबकून जायच्या. आता मधे दुभाजक, दोन्हीकडं गुळगुळीत रस्ता, आणि ओलांडायला दुभाजक फोडून केलेली एक वाट. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत वीस-पंचवीसच्या गतीनं जातात आणि त्यांच्या शेजारून कार सुसाट निघून जातात. एका पोराचा पाय गेला. एक म्हातारी शेळ्या घेऊन ओलांडताना जागीच गेली. तेव्हा ग्रामसभेत दुसरा विषयच निघाला नाही.

पहिली मागणी गतिरोधकाची. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकता येत नाहीत, असं उत्तर आलं. मग पोलिसांनी इथं उभं राहून वेग तपासावा, असा ठराव झाला. निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. सभेत कुणी म्हणत होतं, गाड्या सव्वाशेनं येतात. कुणी म्हणत होतं, दीडशे म्हणा सर. निवेदनात यातला कोणता आकडा लिहायचा? ‘वाहने अतिवेगाने धावतात’ एवढं लिहून सरपंचताईंची सही घेता आली असती. पण अंदाजावर तक्रार करायची माझी तयारी नव्हती. म्हणून आधी आपणच मोजू, असं मुलांना सांगितलं.

वेग मोजणं म्हणजे अंतर भागिले वेळ, दुसरं काही नाही. रस्त्याच्या साईडपट्टीलगत टेपनं १०० मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या. मुलं रस्त्यापासून बरीच आत, शेताच्या बांधावर. रस्त्याकडं कुणी जायचं नाही, ही पहिली अट. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी हे अंतर ३.६ सेकंदांत कापते. आता स्टॉपवॉचचं बटण दाबताना सुरुवातीला आणि शेवटी मिळून ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ३.६ ऐवजी ३.४ आले तर वेग निघतो १०६, ३.८ आले तर ९५. म्हणजे एकच गाडी, आणि उत्तरात ११ चा फरक. तेच अंतर ३०० मीटर घेतलं तर वेळ १०.८ सेकंद होतो आणि तेवढीच चूक उत्तराला ९८ ते १०२ च्या आत ठेवते. वर्गात ‘सापेक्ष त्रुटी’ हे प्रकरण मी इतकी वर्षं शिकवतोय. मुलांना ते त्या बांधावर जेवढं पटलं, तेवढं फळ्यावर कधी पटलं नव्हतं.

मग एका मुलीनं मोबाईलवर चित्रीकरण करायचं सुचवलं. सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे १०० मीटरला १०८ चौकटी. एखादी चौकट इकडंतिकडं झाली तरी फरक एका टक्क्याच्या आसपास. उत्तम कल्पना. पण त्यातही एक मेख होती आणि ती दाखवताना मला फार आनंद झाला. मोबाईल काठ्यांपासून १०० मीटर मागं उभा असेल आणि गाडी काठ्यांच्या पलीकडं ५ मीटरवरच्या लेनमधून जात असेल, तर मोबाईलला ती एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत गेलेली दिसते, पण रस्त्यावर ती १०५ मीटर गेलेली असते. समरूप त्रिकोण. ही दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक गाडीचा वेग आपण पाच टक्के कमी सांगू. दूरच्या लेनसाठी दुरुस्ती आणखी वेगळी. मुलांनी वहीत दोन्ही लेनचे दोन रकाने केले.

आलेले आकडे पाहून गावकरीच गप्प झाले. ज्या ट्रकला सगळे ‘शंभरनं आला’ म्हणत होते तो ६८ नं गेला होता. जी पांढरी कार कुणाच्या नजरेतही भरली नव्हती ती ११२ नं. मोठी गाडी, मोठा आवाज, हादरणारी जमीन, हे सगळं आपल्याला वेग वाटतं. फुटक्या सायलेन्सरची दुचाकी ६० नं गेली तरी लोक दचकून मागं सरतात, आणि नवी कार आवाज न करता येते म्हणून अंगावर येईपर्यंत कळत नाही.

कायद्यानंही माणसाच्या नजरेवर विश्वास ठेवलेला नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १८३ अतिवेगाच्या शिक्षेचं. त्याच्या पोटकलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, की एका साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येणार नाही. ते मत उपकरणाच्या मोजमापावर आधारलेलं असलं पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला कायदा करणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटलं. आपल्याकडं ‘मी डोळ्यांनी बघितलं’ ही शेवटची साक्ष मानतात. वेगाच्या बाबतीत ती पुरेशी नाही.

आमच्या वहीतला तक्ता निवेदनाला जोडला. त्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती, पण दखल घेण्याइतकी नक्की होती. काही आठवड्यांनी महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी फाट्याच्या अलीकडं येऊन थांबली. मला आधी फोन आला होता, मुलांना लांबून बघू द्याल का विचारलं, तर जमादार म्हणाले, “या की सर. उलट बरंच आहे. लोकांना वाटतं आम्ही खिशातून आकडे काढतो.”

त्या गाडीत वेग मोजायची लेसर गन असते, शिवाय दारू प्यालेल्याचा श्वास तपासायचं यंत्र आणि काचेवरची काळी फिल्म मोजायचं यंत्र. गन तिपाईवर बसवली. काम सुरू करण्याआधी जमादारांनी जे केलं ते मी बारकाईनं पाहिलं. गन चालू झाली की आधी स्वतःची चाचणी घेते. मग दुर्बिणीतला लाल ठिपका आणि लेसरचा झोत एकाच जागी पडतात का, ते एका खांबावर तपासलं: गन हळूहळू आडवी फिरवायची, ठिपका खांबावर आला की नेमका तेव्हाच आवाज बदलला पाहिजे, मग तसंच उभं. आणि शेवटी आधीच मोजून ठेवलेल्या अंतरावरच्या खांबावर नेम धरून अंतर बरोबर येतं का ते पाहिलं. अंतर बरोबर आलं म्हणजे आतलं घड्याळ बरोबर चालतंय, कारण या यंत्राचं सगळं गणित घड्याळावरच उभं आहे.

लेसर गन अदृश्य अवरक्त प्रकाशाचे अगदी छोटे स्पंद सोडते. स्पंद गाडीवर आपटून परत येतो. गाडी ३०० मीटरवर असेल तर जाऊन यायला २ मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर निघतं. असे कितीतरी स्पंद ०.३ सेकंदात जातात-येतात. १०० च्या वेगातली गाडी तेवढ्या वेळात सव्वाआठ मीटर पुढं येते, म्हणजे अंतर ३०० वरून २९१.७ वर उतरतं. सगळी अंतरं वेळेपुढं मांडली की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजे वेग. रेषा सरळ आली नाही, म्हणजे मधेच झोत दुसऱ्या गाडीवर घसरला किंवा हात हलला, तर चांगलं यंत्र आकडाच देत नाही, चूक दाखवतं. मुलं आमच्या १०० मीटरच्या दोन काठ्यांकडं आणि त्या गनकडं आळीपाळीनं बघत होती. तत्त्व तेच. फक्त काठ्या कितीतरी जास्त आणि घड्याळ अब्जांश सेकंदाचं.

झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो. म्हणून गर्दीतूनही एक गाडी निवडता येते. नेम नंबरप्लेटवर धरतात, कारण तिचा चकाकता पृष्ठभाग प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतो. जुन्या रडार गनचं तसं नव्हतं. ती रेडिओ लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली ते मोजते. रुग्णवाहिका जवळ येताना भोंग्याचा सूर चढतो तो डॉप्लर परिणाम. २४ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये ताशी १ किलोमीटर वेगामागं साधारण ४५ हर्ट्झचा फरक पडतो. मोजमाप उत्तम, पण झोत रुंद. पुढं छोटी कार आणि मागं कंटेनर असेल तर कोणाचा वेग लागला, हा वाद उभा राहू शकतो. लेसरनं तो बराचसा मिटवला.

एका मुलानं नेमका प्रश्न विचारला, “साहेब, तुम्ही रस्त्याच्या कडंला उभे, गाडी रस्त्यावर. तिरकं मोजल्यावर चुकत नाही का?” चुकतं, आणि नेहमी गाडीवाल्याच्या फायद्याचं चुकतं. गन गाडीच्या वेगाचा आपल्या दिशेनं येणारा भागच मोजते, म्हणजे खरा वेग गुणिले कोनाचा कोसाइन. गन लेनपासून ६ मीटर बाजूला आणि गाडी १५० मीटरवर असेल तर कोन सव्वादोन अंशांच्या आसपास, फरक नगण्य. तीच गाडी ३० मीटरवर आल्यावर मोजली तर १०० चे ९८ दिसतील. बाजूला उभं राहिल्यामुळं स्थिर गनवर वेग वाढून दिसणं शक्य नाही. ज्यांना वाटतं पोलीस तिरके उभे राहून आकडा फुगवतात, त्यांनी हा कोसाइन एकदा स्वतः काढून बघावा.

त्या दुपारी ज्यांना नोटीस निघाली त्यात माझा पुतण्या होता. त्याचा पिकअप आहे, मोसंबी भरून जालन्याच्या बाजारात नेतो. संध्याकाळी मोबाईलवर चलनाचा मेसेज आला तसा तो घरी आला.

“काका, तुम्हीच बोलावलंत ना त्यांना? शंभरची लिमिट आहे रोडला. काटा शंभरच्या आत होता माझा. मग हे कशाचं?”

त्याच्या चलनावरचा फोटो आम्ही दोघांनी मोठा करून पाहिला. गाडीच्या पुढच्या बाजूवर निशाणाची खूण, नंबर स्वच्छ, वेग ९३, मर्यादा ८०, अंतर, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, यंत्राचा क्रमांक. काटा शंभरच्या आत असेल आणि खरा वेग ९३ असेल, यात विसंगती काही नाही. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवेल असाच बनवलेला असतो. त्याचा खरा सल मर्यादेचा होता. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० आहे, पण मालवाहू गाडीला ८०, आणि दुचाकीलाही ८०. पिकअप दिसायला लहान, चालवायला कारसारखा, पण कागदावर मालवाहू. फलकावर मोठ्या अक्षरात १०० लिहिलेलं असतं आणि पिकअपवाले तेच आपलं समजतात. आमच्या तालुक्यात मोसंबी, कापूस, दूध सगळं पिकअपवर चालतं. ही गोष्ट त्या चालकांना परवाना देताना, गाडी विकताना, कुणीतरी ठासून सांगायला हवी. दंड हलक्या वाहनाला कायद्यात १,००० ते २,००० रुपये आहे, जड वाहनाला २,००० ते ४,०००. पुतण्यानं भरला. पण त्याआधी त्यानं मला विचारलं, “हे मशीन बरोबर आहे कशावरून?” आणि हा प्रश्न त्याचा हक्काचा होता.

मोंढ्यात काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का नसेल तर शेतकरी माल तोलू देत नाही. वेगाचं यंत्रही एक प्रकारचा काटाच आहे. फरक एवढाच, की तोलला जाणारा तिथं थांबून बघत नसतो. नियम आता त्या दिशेनं आलेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. त्यात स्पीड कॅमेरा, स्पीड गन यांसारख्या उपकरणांना मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, पुढं असं उपकरण आहे हे सांगणारा फलक हवा, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे, असं म्हटलंय. शिवाय वैधमापनाच्या नियमांत रडारनं वेग मोजणाऱ्या उपकरणांसाठी वेगळी तरतूद झाली, १ जुलै २०२५ पासून लागू. त्यानुसार अशा उपकरणाची पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसला पाहिजे. म्हणजे मोंढ्यातल्या काट्याला जो विभाग पास करतो त्याच्याच कायद्याखाली वेगाची रडार यंत्रंही आली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. दंड करणारा आणि माप तपासणारा हे दोन वेगळे असले पाहिजेत. जमादारांना मी प्रमाणपत्र विचारलं तर त्यांनी गाडीतून प्रत काढून मुलांसमोर धरली. चिडले नाहीत. उलट म्हणाले, विचारणारा भेटला की बरं वाटतं, नुसतं भांडणारे फार.

एका जागी मोजण्याची मर्यादाही त्या दिवशी दिसली. पोलिसांची गाडी दिसली की समोरून येणारे दिवे मारून एकमेकांना सांगतात, सगळे ब्रेक दाबतात आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा पाय दाबतात. यावर उपाय सरासरी वेगाचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तो बसवला आहे: एका कमानीखाली नंबरप्लेट वाचायची, काही किलोमीटरवर दुसऱ्या कमानीखाली पुन्हा वाचायची, मधल्या वेळेवरून वेग काढायचा. १० किलोमीटरचं अंतर १०० च्या मर्यादेत ६ मिनिटांचं आहे; कुणी ५ मिनिटांत आला तर तो सरासरी १२० नं आला, कॅमेऱ्यापुढं कितीही ब्रेक मारलेला असो. आमच्या मुलांच्या दोन काठ्याच त्या, लांब नेऊन रोवलेल्या.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

दिवसाच्या शेवटी जमादारांनी सांगितलं, “सर, कारवाल्यांत गुन्हेगार थोडेच निघाले. बहुतेक नव्वद-पंच्याण्णवच्या आत आहेत. त्यांना मी काही करू शकत नाही.” आमच्या वहीतल्या तक्त्याचंही तेच म्हणणं होतं. गावाला वाटत होतं, कायदा मोडला जातोय म्हणून माणसं मरतायत. मोजल्यावर दिसलं, की कार चालवणारे बहुतेक जण कायद्यातच होते. ९५ नं येणारी कार या जागी कायदेशीर आहे, आणि या जागी ती प्राणघातक आहे.

ढोबळ हिशोब मांडून बघा. १०० च्या वेगात चालकाला काही दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर त्यात गाडी २८ मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी ५५ मीटर. एकूण ८३. ६० च्या वेगात हेच अंतर ३७ मीटरच्या आत येतं. दुभाजकाच्या त्या वाटेजवळ कण्हेरीची झुडपं माणसाच्या खांद्याइतकी वाढली आहेत. तिथून बाहेर पडणारं शाळेचं पोर कारवाल्याला ८३ मीटरवरून दिसतच नाही. मी स्वतः पलीकडं उभं राहून, मुलांना झुडपाच्या आत ठेवून ते तपासलंय.

म्हणजे आमची मागणीच बदलली. नुसती तपासणी नको, मर्यादाच कमी हवी. त्याची वाट कायद्यात आहे. कलम ११२ च्या पोटकलम २ प्रमाणे लोकांच्या सुरक्षेसाठी एखाद्या भागापुरती मर्यादा राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली यंत्रणा कमी करू शकते. त्याची राजपत्रात अधिसूचना निघते आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर फलक लागतात. नुसता ‘हळू चला’ असा पिवळा रंगवलेला पत्रा ग्रामपंचायतीनं लावला तर त्यावर पोलिसांना चलन करता येणार नाही. अधिसूचना निघाली तर त्याच जमादारांच्या त्याच गनमध्ये मर्यादा ६० टाकता येईल, आणि मग ९५ चा आकडा नोटीस होईल.

नवा ठराव ग्रामसभेनं केला. त्याला मुलांचा तक्ता, लेनची दुरुस्ती धरून, थांबण्याच्या अंतराचा हिशोब आणि झुडपाआडून काय दिसतं त्याचे फोटो जोडले, आणि प्रस्ताव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं पाठवला. झुडपं छाटायचं पत्र वेगळं, रस्त्याची देखभाल पाहणाऱ्या कार्यालयाला. छाटणी एका बाजूची झाली आहे, दुसरी बाजू राहिली आहे. वेगमर्यादेचा प्रस्ताव अजून समितीपुढं आहे. पुढच्या बैठकीला सरपंचताई आणि मी जाणार आहोत. मराठवाड्यात कुठल्या गावानं चौपदरी महामार्गावर आपल्या फाट्यापुरती अशी अधिसूचना काढून घेतली असेल, तर तिची प्रत मला पाठवा. बैठकीत दाखवायला ती फार उपयोगी पडेल.